यंत्र, माणूस व जनावर अभ्यास मंडळ

आमच्या मंडळाचं इतिवृत्त एका जाड वहीत लिहिलं जायचं. वही अजून आहे. ठराव, सूचक, अनुमोदक, सगळं वळणदार अक्षरात. पण खरं काय झालं ते बघायचं असेल तर पानाच्या मध्यभागी बघू नका, समासात बघा! तिथं मी पेन्सिलीनं बारीक बारीक लिहून ठेवायचे, कुणी बघत नाही ना म्हणून दहादा मान वळवून. वर्ष संपत आलं तेव्हा समास भरले आणि मी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहायला लागले. आता मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "कुमुद, ठराव नकोत, पेन्सिलीतलं सांग." म्हणून पेन्सिलीतलं सांगते.

सुरुवात कोंबडीपासून.

बी.ए. होऊन मी परंड्याला समाजशिक्षणाच्या नोकरीवर आले. पहिल्याच आठवड्यात मला सोनारीला पाठवलं. काम सोपं होतं. गावात बिनधुराच्या चुली बांधून दिल्या होत्या, त्या बघायच्या आणि तक्ता भरायचा. पहिल्याच घरात चूल बघितली आणि मला कसंतरीच झालं. काय चुकतंय ते कळेना. धुराडं सरळ, सारवण ताजं, वर हळदकुंकवाची बोटं. मग लक्षात आलं, चुलीच्या तोंडाशी राख नव्हती. कणभरसुद्धा नाही!

म्हणून वाकून आत बघितलं. आतून दोन डोळे माझ्याकडं बघत होते.

मी किंचाळले ते वेशीपर्यंत ऐकू गेलं म्हणे. आतून कोंबडी फडफडत बाहेर आली, माझ्या डोक्यावरून गेली, आणि मी मागच्या मागं पाण्यानं भरलेल्या घागरीवर जाऊन बसले.

घरधनीण धावत आली. मला हात द्यायच्या आधी तिनं चुलीत हात घालून अंडी चाचपली. सगळी शाबूत आहेत म्हटल्यावर मग माझ्याकडं वळली. म्हणाली, "लई झ्याक चूल हाय बाई. मांजर शिरत न्हाय, कुत्रं शिरत न्हाय. औंदा एक बी पिल्लू मेलं न्हाय बगा!"

तक्त्यात रकाना होता, 'चूल वापरात आहे काय? होय / नाही.'

मी ओल्या लुगड्यानिशी बराच वेळ विचार केला आणि 'होय' लिहिलं. वापरात होती की!

* * *

पण ते 'होय' मला बोचत राहिलं. मला तसं काहीही बोचतं. दुसऱ्या दिवशी धीर करून ओव्हरसियर पाध्यांकडं गेले. पाध्ये पुण्याकडचे. खिशात मोजपट्टी, कानावर पेन्सिल, आणि मोजता येत नाही अशी वस्तू जगात असते ह्यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणाले, "चूल नकाशाप्रमाणं आहे. कोंबडी नकाशात नाही. तो डॉक्टरांचा विषय."

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर बिराजदार. उमरग्याकडचे, हसले की कपाटातल्या बाटल्या हलायच्या. एका म्हशीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. तसंच मान वळवून विचारलं, "कोंबडीची तब्येत कशी आहे?"

"उत्तम आहे."

"मग माझ्याकडं कशाला आलात हो? बिघाड चुलीत आहे. पाध्यांकडं जा!"

शेवटी हमीदसाबांकडं गेले. कचेरीतले सगळ्यात जुने कारकून. निजामाच्या अमलात त्यांनी उर्दूत फायली लिहिल्या, आता मराठीत लिहायचे, पण अक्षराची ऐट तीच. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "बेटी, चुलीची फाइल अलग है, मुर्गीची अलग है. चुलीत बसलेल्या मुर्गीची फाइलच नाही. उघडू क्या?"

आणि खरंच उघडली! आमच्या मंडळाचा पहिला कागद तो.

मला जे वाटत होतं ते असं, की कुठलंही यंत्र गावात एकटं येत नाही. त्याला माणसं चिकटतात, रीतीभाती चिकटतात, जनावरं, ऊनवारा सगळं चिकटतं. मग प्रत्येक खात्यानं आपापला तुकडा बघून कसं भागणार? सगळ्या विषयांच्या लोकांनी दर शनिवारी दुपारी एका टेबलाशी बसावं, आणि यंत्राचं माणसाशी कुठं जमतं नि कुठं बिनसतं ते मिळून शोधावं. कॉलेजात समाजशास्त्राच्या वहीत असली वाक्यं मी झरझर लिहिली होती. आमच्या गटविकास अधिकारी साहेबांसमोर तेच वाक्य माझ्या तोंडातून तीन तुकड्यांत बाहेर पडलं, आणि मधला तुकडा राहिलाच.

साहेब कमी बोलायचे. म्हणाले, "एक वर्ष. मागची खोली घ्या. वर्षअखेरीला मला एक यंत्र दाखवा, जे पडून होतं आणि तुमच्यामुळं चालू झालं. अहवाल नको, यंत्र. नाही दाखवलं तर पाध्ये त्यांच्या खात्यात, डॉक्टर त्यांच्या खात्यात, आणि खोलीत सिमेंटची पोती!"

त्याच आठवड्यात तुळजापूरहून आप्पांचं कार्ड आलं. माझे वडील शाळामास्तर, तेही कमी लिहायचे. 'वर्षभरात तुझं काही उभं राहिलं तर राहा. नाहीतर घरी ये. बार्शीचं स्थळ थांबायला तयार आहे.'

दोघांनी आपसात ठरवून वर्ष दिलं होतं की काय, कोण जाणे! ते कार्ड मी पर्समध्ये ठेवलं आणि वर्षभर दर शनिवारी माझ्याबरोबर बैठकीला आणलं.

* * *

मंडळाचं नाव ठरवण्यात दोन शनिवार गेले. पाध्यांना 'यंत्र' आधी पाहिजे. मला 'माणूस'. डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले, "जनावर नसेल तर मी येत नाही! तालुक्यात इंजिनं किती नि बैल किती?" (टेबलावरच्या त्या आवाजानं माझ्या हातातला कप खाली पडला. मंडळाचा पहिला तोटा.)

शेवटी तिघांनाही घेतलं. पेंटरनं पाटी रंगवली, 'यंत्र, माणूस व जनावर अभ्यास मंडळ'. खाली जागा उरली म्हणून त्या भल्या माणसानं सभासदांची नावंही घातली. तीही वरच्या शब्दांच्या बरोबर खाली, एकेक. 'यंत्र'खाली पाध्ये. 'माणूस'खाली मी, मंडळाची सेक्रेटरी. 'जनावर'खाली डॉक्टर बिराजदार!

डॉक्टर पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तेवढ्यात साहेब आले. त्यांनी पाटी वरून खाली वाचली, मग आमच्याकडं बघितलं, परत पाटीकडं बघितलं.

"बदलू नका," म्हणाले आणि निघून गेले.

* * *

तान्हाबाई मंडळात कशा आल्या ते ऐका.

तान्हाबाई सोनारीच्या, धनगर. सगळा जन्म मेंढरांमागं चाललेला. एका शनिवारी त्या लंगडणारी मेंढी काखेत मारून डॉक्टरांना शोधत आल्या. डॉक्टर बैठकीत होते. बाईंना वाटलं, ही रांगच आहे. आत येऊन खुर्चीवर बसल्या, मेंढी मांडीवर. मला 'तुम्ही कोण' असं विचारायचा धीर होईना, म्हणून मी त्यांच्यापुढंही कागद ठेवला.

विषय चुलीचाच होता. बायका त्या चुलीवर स्वयंपाक का करत नाहीत? पाध्ये पाऊण तास बोलले. धुराड्याची उंची, हवेची ओढ, भोकाचा व्यास, सगळं फळ्यावर काढलं. डॉक्टरांनी काजळी आणि डोळ्यांचे आजार सांगितले. मी सामाजिक परिवर्तनावर दोन पानं वाचून दाखवली. हमीदसाब सगळं लिहून घेत होते.

तान्हाबाई एकदम म्हणाल्या, "आवो, पर धूर न्हाय तर आढ्याला कीड न्हाय का लागायची?"

पाध्ये फळ्यापासून वळले.

"बियाची कणसं चुलीवरच टांगत्यात न्हवं? धुरानं टिकत्यात. छपरातला इच्चू-किडा धुरानंच पळतो. ही तुमची चूल धूर निस्ता भायेर घालिवती. घर काय तुमी राखणार व्हय?"

मेंढी 'बेंऽ' करून ओरडली. मला वाटतं तो अनुमोदनाचा आवाज होता.

पाध्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि फळा पुसला. पंधरा दिवसांत त्यांनी नवा नकाशा केला. धुराड्याला आढ्याजवळ एक झडप. उघडली की धूर घरात, मिटली की बाहेर. बायकांनी झडप बघितली, उघडली, आणि कोंबड्यांना हाकलून चुली पेटवल्या. काम फत्ते!

साहेबांकडं अहवाल गेला. हमीदसाबांनी मसुदा फार आदबीनं केला होता. 'बिनधुराच्या चुलीत धुराची सोय करण्यात आली आहे.'

साहेबांनी समोर दोनच शब्द लिहिले. 'यंत्र दाखवा.'

तान्हाबाईंना मात्र मेंढी घेऊन आल्या त्याच दिवशी सभासद केलं होतं. पाध्ये नियमाचे पक्के. म्हणाले, "पण वहीत ह्यांचा विषय काय लिहायचा?" हमीदसाबांनी विचारलं, "बाई, तुम्ही काय शिकल्या?"

"म्या? म्या कुठं शिकले? म्या निस्ती चाल्ले."

हमीदसाबांनी लिहिलं, 'विषय : चालणे.' वही बघा, अजून तसंच आहे.

* * *

झडपा कशा चालल्यात ते बघायला मी सोनारीला गेले, तेव्हाची ही गोष्ट. टळटळीत दुपार. काळभैरवाच्या देवळामागं तान्हाबाईंचं घर. गल्लीत चिटपाखरू नाही. दार नुसतं लोटलेलं.

मी बाहेरून हाक मारली, "तान्हाबाई!"

आतून काही नाही.

परत मारली, "तान्हाबाईऽ!"

आत बांगड्या वाजल्या. म्हणजे बाई घरात होत्या! मग बोलत का नाहीत? चक्कर आली असेल, साप चावला असेल, काहीही असेल. माणसं बोलवायला मी गर्रकन वळले ते थेट दारातल्या उखळाला अडखळले आणि जोरात ओरडले, "आई गंऽ!"

आतून लगेच शांत आवाज आला, "ओऽऽ! आले, आले."

तान्हाबाई पिठाचे हात झटकत बाहेर आल्या. मी रडकुंडीला आलेली. म्हटलं, "अहो, दोनदा हाक मारली! ऐकू नाही आली का?"

"आली की."

"मग ओ का नाही दिली?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू पायात चप्पल का घालतात हेच मी विचारलं होतं. "पैल्या दोन हाकांना ओ द्यायची न्हाय बाई. दिसत न्हाय, ते कोन हाय काय म्हाईत? नको ते असलं तर दोनदाच हाक मारतं नि जातं. मानूस असंल तर तिसऱ्यांदा मारतंच! आमच्या गावात समदे असंच करत्यात."

मी म्हटलं, "पण तिसऱ्यांदा तर मी 'आई गं' म्हटलं!"

"हाक ती हाकच," बाई म्हणाल्या. "बस. च्या करते."

हे मी समासातसुद्धा लिहिलं नाही. म्हटलं, ह्याचा यंत्राशी काय संबंध?

* * *

मग आमच्याकडच्या वाशी गावचा रेडिओ. पंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला होता, आणि तो कपाटात कुलूपबंद पडला होता. पाध्यांनी उघडून बघितला. तारा ठीक, बॅटरी ठीक, आवाज खणखणीत. मग ऐकत का नाहीत?

एक म्हातारे पाटील फुरंगटून बसले होते. म्हणाले, "म्या त्याला रामराम घातला. त्यानं काय सुदीक म्हटलं न्हाय. आपलंच दामटत बसला. असल्या मानसासंगं कोन बसंल?"

डॉक्टर एकदम मांडी थोपटून म्हणाले, "अय्योऽ, बरोबर! ह्याला हुंकारा देणारा नाही!"

खरंच होतं. कुणी काही सांगायला लागला की समोरच्यानं 'हां, मग?' म्हणायचंच, नाहीतर सांगणाऱ्याचा अपमान आणि ऐकणाऱ्यांचाही. रेडिओ बोलत होता आणि त्याला कुणी 'हां' म्हणत नव्हतं. सगळ्यांना अवघडल्यासारखं व्हायचं.

मंडळानं ठराव केला. रेडिओशेजारी हुंकारा द्यायला माणूस नेमावा. काम त्या फुरंगटलेल्या पाटलांनाच दिलं! आठवड्यात चावडी भरायला लागली. रेडिओवरून शेतीचा बाबा सांगायचा, "कपाशीवर मावा पडला तर," की पाटील म्हणायचे, "हांऽ, मंग?" तो म्हणायचा, "तंबाखूचं पाणी फवारावं." पाटील म्हणायचे, "बराब्बर!" जसा काही तो ह्यांना विचारूनच सांगतोय.

मी आनंदानं साहेबांना घेऊन वाशीला गेले. चावडी गच्च. पाटील फेटा बांधून रेडिओशेजारी. कार्यक्रम सुरू झाला, पाच मिनिटं झाली, आणि बॅटरी संपली. रेडिओ ठप्प!

पण पाटील थांबले का? अहो, ते मान हलवतच होते. "हांऽ... मंग?... व्हय व्हय... बराब्बर!" आणि समोरची मंडळीही माना डोलावत होती. अर्धा तास! मग पाटलांनी रेडिओला हात जोडले, लोक उठले. जाता जाता एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आज लई ग्वाड सांगितलं."

परतीच्या बसमध्ये साहेबांनी तिकिटाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मिस, यंत्र चालू असलेलं दाखवायचं होतं."

* * *

एका गावात विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं होतं, आणि त्याच्या धडधडीनं बैल बुजून शेजारच्या वाटेनं जाईनात. शेतकऱ्यानं कंटाळून इंजिन झाकून ठेवलं. मंडळ बैलगाडीतून तिकडं गेलं. इंजिन सुरू झालं. पहिल्याच 'धाड्' सरशी बैलानं कान टवकारून चार पावलं मागं घेतली. मीही घेतली. कुणाशी माझं इतकं पटलं ते पहिल्यांदाच, आणि तेही त्या बैलाशी!

डॉक्टरांच्या डोळ्यांत चमक आली. मला ती चमक ओळखू येते. मी म्हटलं, "नाही हं डॉक्टर!"

"असं काय करता? बैल बोलत नाही. तुम्ही बोलता. इंजिनाकडं चालत या, दचकलात की थांबा. पाध्ये खूण करतील!"

मंडळासाठी मी तेही केलं. दहा वेळा चालले, दहाही वेळा दचकले. पाध्ये माझ्या मागं वाकून चुन्याच्या रेघा मारत होते. मग बैल चालवला. तो माझ्या रेघेच्या थोडा पुढं जाऊन थांबला.

इतक्यात शेतकऱ्याची बायको भाकरी घेऊन आली. तिनं बघितलं तर जनावरांचे डॉक्टर कानाला नळी लावून इंजिन तपासताहेत आणि ओव्हरसियर मोजपट्टीनं बैल मोजताहेत. ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "ह्यान्ला कुनी सांगितलं न्हाय का, कोनचं काय हाय ते?"

इंजिनाभोवती मातीची भिंत घातली आणि बैल मुकाट जायला लागला. पण शेतकरी मोठा प्रामाणिक. साहेबांनी विचारल्यावर म्हणाला, "इंजिन काय बंद न्हवतं साहेब. झाकून ठिवलं हुतं." गेलं तेही यंत्र हातचं!

इतिवृत्तात मात्र हमीदसाबांची नोंद आहे, ठळक अक्षरात. 'बैल हा सेक्रेटरीपेक्षा दोन पावले धीट निघाला.'

* * *

वर्ष संपायला आलं. राहिला एकच, सोनारीचा टेलिफोन.

जत्रेच्या निमित्तानं सोनारीच्या चावडीत टेलिफोन बसवला होता. मौज अशी की सोनारीहून फोन यायचे. पण सोनारीला केलेला फोन बसवल्यापासून एकदाही कुणी उचलला नव्हता! तालुक्याच्या बाजूला यंत्रावर तारमास्तर बसायचे. कायद्याचे माणूस. "दोन वेळा घंटी द्यायची. उचललं नाही तर नोंद करायची, पुढचा कॉल. नियम आहे," म्हणायचे. सोनारीसाठी रोज रोज लिहून हात दुखतो म्हणून त्यांनी रबरी शिक्काच करून घेतला होता, 'उत्तर नाही'.

पाध्ये खांब मोजत सोनारीपर्यंत पायी गेले. तार कुठंही तुटलेली नव्हती. डॉक्टरांनी खांबाला बांधलेलं एक वासरू सोडून दिलं, त्यानंही काही झालं नाही. मी चावडीतल्या लोकांना विचारलं, "घंटी वाजते का?"

"वाजती की! लई ग्वाड वाजती."

"मग उचलत का नाही?"

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण म्हणाला, "उचलू की. बोलावनाऱ्यानं नीट बोलावलं तर न उचलायला काय झालं?"

हमीदसाबांनी ते शब्दशः लिहून घेतलं. कुणालाच अर्थ लागेना. शेवटी मंडळानं साधा मार्ग काढला. सोनारीच्या बाजूला आपलाच माणूस बसवायचा. तान्हाबाईंना विचारलं, "साहेबांसमोर फोन करू. तुम्ही उचलाल ना?"

"का न्हाय? तुमी हाक मारा, म्या ओ देते." बाईंना त्यात काही अवघड वाटेना. मला चार दिवसांनी पहिल्यांदा जेवण गेलं.

शेवटचा शनिवार. भर दुपारी साहेब तारघरात खुर्चीवर बसले, हातात घड्याळ. कचेरीबाहेर बैलगाडीत सिमेंटची पोती आणून ठेवलेली मी येतानाच बघितली होती. पाध्ये, डॉक्टर, हमीदसाब भिंतीला टेकून उभे. तारमास्तरांनी साहेबांचा मान राखून मला यंत्राशी बसू दिलं. डाव्या हातात रिसीव्हर, उजवा हात घंटीच्या दांड्यावर. पर्समधलं आप्पांचं कार्ड मला बसल्या जागी टोचत होतं.

मी दांडा फिरवला. किर्रऽऽ.

सगळे ऐकत होते. कानात नुसता वारा.

"बाई उठत असतील," डॉक्टर म्हणाले.

मी परत फिरवला. किर्रऽऽऽ. ह्या खेपेला जरा जास्त.

वारा. आणखी वारा. मी पुटपुटले, "तान्हाबाई, घ्या ना हो." पाध्ये खिडकीतून खांबांची रांग बघत राहिले. डॉक्टर हसत नव्हते. वर्षभरात पहिल्यांदा. हमीदसाबांनी मंडळाची फाइल मिटली आणि तिची नाडी हळूहळू बांधायला घेतली, कोंबडीच्या त्या पहिल्या कागदासकट.

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. खरं म्हणजे त्यांचा आवाज चांगलाच मऊ होता. "मिस, मेहनत केलीत तुम्ही. पण आता..."

"दोनदा झालं," तारमास्तर म्हणाले. "नियमाप्रमाणं." त्यांनी शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला, हात वर नेला आणि वहीवर आपटला. धाड्!

मी जागच्या जागी वीतभर उडाले. दांडा माझ्या मुठीतच होता. तो माझ्यासकट गर्रकन फिरला.

किर्रऽऽऽऽ!

"अहो बाई!" तारमास्तर ओरडले. "तिसऱ्यांदा देता येत नाही!"

मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात कानात खट् झालं. आधी बांगड्या वाजल्या. मग लांबून एक मेंढी ओरडली. आणि मग अगदी शांत आवाज आला, "ओऽऽ! आले, आले."